पडायचं निमित्त

मावशी गेली तेव्हा सांगलीच्या घरी भेटायला येणारं प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होतं. ‘पडायचं निमित्त झालं.’ उंबऱ्याला पाय अडकला, खुबा मोडला, अंथरूण धरलं आणि अडीच महिन्यांत सगळं आटोपलं. वय ऐंशी, जुना मधुमेह, हृदय जरा नाजूक. वेळ आली होती, पडणं नुसतं निमित्त, असं जो तो म्हणे आणि मीही मान डोलवी. दुःखाच्या घरात ते वाक्य आधार देणारं होतं. त्यात कुणाला दोष नव्हता.

आज ते वाक्य मला सलतं. कारण त्याआधीच्या वर्षभरात मावशी तीनदा पडली होती. एकदा न्हाणीघरात, एकदा तुळशीपाशी, एकदा पहाटे पलंगावरून उतरताना. तिन्ही वेळा मुका मार. तिन्ही वेळा मलम चोळलं, हळद घालून दूध दिलं आणि ‘जरा बघून चालत जा’ म्हणून सांगितलं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या, झोपेची एक, एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, रात्रीतून तीनदा लघवीला उठणं, हे सगळं घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. ते शेजारी शेजारी मांडून, ‘ही सारखी का पडते?’ असं मात्र आम्ही कुणी विचारलं नाही.

म्हाताऱ्या माणसाचं पडणं आपण पिकल्या पानाच्या गळण्यासारखं मानतो. ते तसं नाही, हे मला माझ्या आत्यामुळे कळलं. तिच्यापासून सुरुवात करून गेली दोन वर्षं मी डोंबिवली, पुणे आणि राजापूरकडची घरं, दवाखाने, व्यायामाच्या खोल्या हिंडले. त्यात जे पाहिलं आणि शिकले ते इथे लिहिते आहे.

*

आत्या एकोणऐंशी वर्षांची. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत राहते. मुलगा-सून दोघंही नोकरीला, सकाळी आठला घर सोडतात आणि लोकल मिळेल तशी रात्री परततात. दोन वर्षांपूर्वी कोजागरीच्या सुमारास मी तिच्याकडे गेले, तर ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात बाई लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर घालून बसलेल्या. वरती पंखा पाचवर. ‘कसकस वाटतेय गं,’ म्हणाली. मी विश्वास ठेवला. मग चहाचा कप पुढे करताना बाही वर सरकली आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा डाग दिसला. मधोमध जांभळा, कडेला हिरवट आणि अगदी काठाशी पिवळा पडत चाललेला. पिवळा म्हणजे आठवडा उलटून गेलेला.

ती अकरा दिवसांपूर्वी पडली होती. दुपारी जेवण झाल्यावर ओट्याशी उभी होती, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती बसकण मारून खाली आली. पाऊण तास तिथेच होती. मग फरशीवरून सरकत सरकत दारापर्यंत गेली आणि कडीला धरून उठली. संध्याकाळी मुलगा आला तेव्हा ती नेहमीसारखी भाजी निवडत होती.

‘सांगितलं का नाहीस?’

‘सांगून काय? तो म्हणेल, आई, तू आता गॅसपाशी जाऊ नकोस. मग म्हणेल, खाली उतरू नकोस. मग एखादी बाई ठेवतील दिवसभर. अगं, अजून माझं मी करते ना, तेवढंच उरलंय माझं.’

ही भीती मला नंतर जवळजवळ प्रत्येक घरात भेटली. वृद्ध माणसं पडल्याचं लपवतात. स्वेटर घालतात, ‘दाराचा कोपरा लागला’ म्हणतात, लंगडत असली तर ‘गुडघा धरलाय’ म्हणतात. पुरुष तर अधिकच. राजापूरच्या एका घरात सत्तरी ओलांडलेल्या काकांनी शेवाळलेल्या मोरीत घसरून बरगडी दुखावून घेतली होती आणि तीन आठवडे ते सांगत होते, ‘खोकल्यानं दुखतंय.’ आपण बोलतो ते पहिलं वाक्य बहुतेक घरांत एकसारखंच असतं: ‘सांगितलं होतं ना, जाऊ नका म्हणून!’ त्यात काळजी असते, घाबरून गेलेलं प्रेम असतं. पण ऐकणाऱ्याला त्यात आरोप ऐकू येतो आणि पुढचं पडणं आपल्या कानावर येत नाही. मावशीच्या बाबतीत आम्हाला तीन पडणी ठाऊक होती. ठाऊक नसलेली किती असतील, कोण जाणे.

*

हा प्रश्न किती मोठा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर दुसरा क्रमांक पडण्याचा. त्यांतले ऐंशी टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि सर्वाधिक बळी जातात साठीपुढच्यांचे. पासष्टीनंतर दरवर्षी साधारण दर तिघांतलं एक माणूस पडतं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं १ कोटी ११ लाखांच्या आसपास होती, म्हणजे दर दहांमागे जवळपास एक. आज ती त्याहून नक्कीच जास्त आहेत. आपण हेल्मेटची सक्ती करतो, घाटात कठडे बांधतो. घरातल्या बाथरूमच्या दारात मात्र धुऊन धुऊन गुळगुळीत झालेलं पायपुसणं टाकून मोकळे होतो.

*

आत्याला घेऊन मी तिच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तिला पाच मिनिटं आडवं झोपवलं, रक्तदाब मोजला. मग उभं केलं आणि लगेच, आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. झोपलेली असताना १४२ असलेला वरचा आकडा उभं राहिल्यावर ११४वर आला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २०नं किंवा खालचा १०नं उतरला, तर ते भोवळीचं आणि पडण्याचं कारण असू शकतं. आजवर तिचा रक्तदाब दर महिन्याला मोजला जात होता. पण खुर्चीत बसवून, एकदाच. तिच्या वहीत सगळे आकडे उत्तम होते.

वय वाढतं तशी उभं राहताना रक्त वर ढकलायची शरीराची चपळाई कमी होते. त्यात मधुमेहानं नसा मंदावल्या, पाणी कमी प्यालं, उन्हाळा असला, की भर पडते. जेवणानंतर रक्त पोटाकडे ओढलं जातं आणि काही जणांचा दाब तेव्हा उतरतो. आत्याचं ओट्याशी कोसळणं त्यातलंच होतं. शिवाय ती पाणी मुद्दाम कमी पीत होती, रात्री उठावं लागू नये म्हणून. कोणी हटकलं नव्हतं, कारण कोणाला सांगितलंच नव्हतं.

मग डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्यांची पिशवी आणा.’ यादी नव्हे, पिशवीच. साखरेच्या कारखान्याचं नाव छापलेली ती कापडी पिशवी आत्यानं टेबलावर उपडी केली. नऊ पाकिटं निघाली. रक्तदाबाची एक गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी, दोन डॉक्टरांनी दिलेली, दोन्ही चालू. लघवी वाढवणारी एक, ती आत्या रात्री जेवणानंतर घ्यायची. आणि झोपेची एक, चार वर्षांपूर्वी काका गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली. त्या चिठ्ठीवर औषधवाला अजूनही देत होता. म्हणजे रात्री झोपेच्या गोळीनं जड झालेलं डोकं, लघवीच्या गोळीनं भरलेलं मूत्राशय आणि उभं राहिलं की उतरणारा दाब, अशी तिन्ही एकत्र घेऊन माझी आत्या अंधारात न्हाणीघराकडे जात होती.

डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, लघवीची सकाळी घ्यायला सांगितली आणि झोपेची काही आठवड्यांत हळूहळू उतरवत नेली. (ती एकदम बंद करायची नसते. कुठलीच गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते, हे मी इथे मुद्दाम लिहिते.) वयस्क पुरुषांना प्रोस्टेटसाठी मिळणाऱ्या काही गोळ्यांनीही उभं राहताना दाब उतरतो. राजापूरच्या त्या काकांच्या पिशवीत अशी गोळी होती. अनेक घरांत गोळ्या सुरू करणारी माणसं तीन-चार असतात, पण सगळ्या एकत्र बघणारं कोणी नसतं. वर्षातून दोनदा पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उपडी करायची, एवढं एक काम मुला-नातवंडांनी अंगावर घेतलं तरी पुष्कळ आहे.

डोळ्यांचंही तसंच. आत्याचा चष्मा दुहेरी भिंगाचा, वर लांबचं, खाली वाचायचं. जिना उतरताना ती खाली बघते तेव्हा नजर वाचायच्या भिंगातून जाते आणि पायरीची कड धुरकट दिसते. तिला आता जिन्यासाठी आणि बाहेर जाण्यासाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून दिला आहे. मोतीबिंदूबद्दल आपल्याकडे ‘अजून दिसतंय ना, मग कशाला घाई’ म्हणायची सवय आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात वृद्ध स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी झालेलं दिसलं. मावशीचा तो पिकलेला मोतीबिंदू मला इथे पुन्हा आठवतो.

*

खुबा मोडणं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, कारण पहिल्या काही तासांत घरच्यांच्या हातून चुका होतात. माणूस कुशीवर पडतं, उठता येत नाही, जांघेत असह्य कळ येते. मोडलेल्या बाजूचा पाय बऱ्याचदा दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. अशा वेळी दोघांनी बखोटीला धरून उभं करायचं नाही, मालीश करायची नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. आहे तसं ठेवून १०८ला फोन करायचा.

दुसरी चूक त्याहून मोठी. ‘आता या वयात ऑपरेशन कशाला? झोपून राहू द्या, जुळेल तेवढं जुळेल.’ मावशीच्या वेळी आमच्या घरात हेच ठरलं होतं. सगळ्यांचं मत होतं की आपण तिला त्रासातून वाचवतो आहोत. अस्थिरोग तज्ज्ञ मला अगदी उलट सांगत होते. वृद्ध माणसाला ऑपरेशनपेक्षा अंथरुणाचा धोका अधिक असतो. पडून राहिलं की फुप्फुसात कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या धरतात आणि मांडीचे स्नायू भराभर उतरतात. म्हणून खुब्याचं ऑपरेशन शक्य तेवढ्या लवकर, तब्येत परवानगी देत असेल तर दोन दिवसांच्या आत करावं, असं आता जगभर मानतात. बॉल बदलतात किंवा रॉड टाकतात आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. त्या उभं करण्यासाठीच सगळा खटाटोप असतो. तरीही धोका टळत नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चौथा-पाचवा माणूस वर्षभरात जातो, असं निरनिराळ्या देशांतले आकडे सांगतात.

पैशाचा प्रश्न असतोच. २०२४च्या ऑक्टोबरअखेरपासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळायची सोय आहे. त्याचं कार्ड आधीच काढून ठेवावं. रुग्णवाहिका दारात उभी असताना आधार आणि अंगठ्याच्या ठशांची शोधाशोध करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट निसटते. हाड मोडलं म्हणजे ते आधीच ठिसूळ झालं होतं. ऑपरेशन होतं, टाके निघतात, घरी येतात आणि हाडांच्या ठिसूळपणावरचा उपचार सुरूच होत नाही. बायकांच्या बाबतीत तर इशारा पुष्कळ आधी मिळालेला असतो. पंचावन्न-साठीत हातावर पडून मनगट मोडतं. प्लास्टर लागतं, सुटतं, विसरलं जातं. ते मनगट शरीरानं दिलेली पहिली सूचना होती.

डोक्याच्या माराबद्दलही इथेच सांगते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील आणि पडताना डोकं आपटलं असेल, तर वरून टेंगूळसुद्धा नसलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्यावरच्या शिरा ताणल्या जातात आणि साध्या आपटण्यानंही त्यातून हळूहळू रक्त झिरपू शकतं. हे कधी कधी कित्येक आठवड्यांनी कळतं. माणूस अडखळतं, बोलताना शब्द चुकतात, सारखी झोप येते, डोकं दुखतं. घरचे म्हणतात, आता विसरायला लागले, वय झालं. सीटी स्कॅन केला तर कारण दिसतं आणि पुष्कळदा एका लहानशा ऑपरेशननं माणूस पूर्ववत होतं.

*

पुण्यात एका फिजिओथेरपिस्टच्या खोलीत मी तीन सकाळी बसले. भिंतीला दांडा, हात असलेली एक खुर्ची आणि तिच्यापासून तीन मीटरवर जमिनीला चिकटवलेली लाल पट्टी. खुर्चीतून उठायचं, पट्टीपर्यंत नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका समजायचा. चाचणी एवढीच. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आले होते. आयुष्यभर घाटातून गाडी काढलेला माणूस. त्यांना एकोणीस सेकंद लागले. त्यातला निम्मा वेळ खुर्चीचे हात सोडण्यात गेला. वळताना ते सहा-सात बारीक पावलं टाकत होते, जणू पायाखाली फळी आहे.

‘पाय आहेत, पण भरवसा राहिला नाही,’ ते म्हणाले.

वर्षापूर्वी ते बागेच्या पायरीवर पडले होते. लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून मुलानं फिरणं बंद केलं, सुनेनं पाणी हातात द्यायला सुरुवात केली, नातू बूट घालून देतो. घरातले सगळे भले. आणि बारा महिन्यांत मांड्या वाळून गेल्या. पडायच्या भीतीनं माणूस बसतं, बसून स्नायू जातात, स्नायू गेले की खरंच पडतं. ‘बाबा, तुम्ही उठू नका, मी देतो’ हे आपल्याला सेवेचं वाक्य वाटतं. त्याची किंमत मी त्या एकोणीस सेकंदांत पाहिली.

स्नायू मात्र नव्वदीतही परत येतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात १९९०च्या दशकात घरच्या घरी करायचा एक व्यायामक्रम तयार झाला. घोट्याला छोटी वजनं बांधून पाय उचलणं, टाचांवर-चवड्यांवर उभं राहणं, एकापुढे एक पाऊल ठेवत चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास. सुरुवातीला तो ऐंशीपुढच्या बायकांवर करून पाहिला गेला. पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी उतरलं. त्याला ना यंत्र लागतं ना जिम. आपल्याकडे पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, लाकडी विटा, भिंतीचे दोर यांच्या आधारानं वयस्कांनाही उभ्या आसनांपर्यंत नेणारी पद्धत घडवली. आधार घेऊन शरीराला काम करायला लावायचं, हे दोन्हीकडे समान आहे.

आणखी एक आठवतं. ब्राझीलमध्ये २००२ माणसांना जमिनीवर बसायला आणि उठायला सांगून, किती आधार लागतो त्यावरून गुण दिले गेले. गुण कमी पडलेल्यांत पुढच्या वर्षांमधले मृत्यू बरेच जास्त निघाले. हे वाचताना मला पाटावर जेवायला बसणारी आजी दिसली. दिवसातून दहा-बारा वेळा ती जमिनीवर बसे-उठे. डायनिंग टेबल आलं, कमोड आला, ओटा आला. गुडघ्यांना सुख झालं आणि ते झालंच पाहिजे. पण ज्याचे गुडघे साथ देतात त्यानं पन्नाशीत पाट सोडू नये, असं मला आता कळकळीनं वाटतं.

खाण्याबद्दल थोडंसं. संध्याकाळी चहा-बिस्किट आणि रात्री दूधभात, एवढ्यावर आपली वृद्ध मंडळी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या बायका, वर्षानुवर्षं काढतात. स्नायू व्यायामानं बनतात पण प्रथिनांतून बनतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, अंडं, मासा, जे घरात चालतं ते प्रत्येक जेवणात हवं.

*

आता आत्याचं घर. आम्ही एका रविवारी तिच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चाललो. चौदा पावलं. मी दिवा न लावता चालले, रात्री ती चालते तशी. तिसऱ्या पावलावर मोबाइलच्या चार्जरची वायर. सातव्यावर जुन्या साडीचं हातानं विणलेलं पायपुसणं, त्याची एक कड वर वळलेली. अकराव्यावर मुलानं आणलेली बुटांची कपाट-खुर्ची. तेराव्यावर चार बोटांचा उंबरा. चौदाव्यावर गुळगुळीत पांढरी फरशी, कायम ओली, कारण बादलीशेजारचा नळ गळतो. पायात तळ झिजलेली स्लीपर.

पायपुसणं गेलं त्याचं तिला वाईट वाटलं. तिनंच विणलेलं होतं. ते आता देवघरापुढे आसन म्हणून आहे. वायर भिंतीकडेनं गेली. पायाच्या उंचीवर, माणूस हलला की आपोआप लागणारे दोन छोटे दिवे बसवले. पाठ बांधलेले, रबरी तळाचे सँडल घरात घालायला आणले.

न्हाणीघरात प्लंबर स्टीलचं हँडल बसवायला आला तेव्हा म्हणाला, ‘टॉवेलचा रॉड आहेच की, त्याला धरतील.’ टॉवेलचा रॉड टॉवेलसाठीच असतो. पन्नास-साठ किलोचं माणूस त्याला लटकलं तर स्क्रूसकट हातात येतो. रबराच्या वाट्यांनी टाइलला चिकटणारी हँडलंही घेऊ नयेत, ती कधी सुटतील सांगता येत नाही. भिंतीत खोल भोक पाडून पक्कं बसवलेलं, मुठीत मावेल एवढ्या जाडीचं हँडल हवं. एक कमोडशेजारी, एक आंघोळीच्या जागी. प्लास्टिकच्या उंच स्टुलावर बसून आंघोळ, बादलीसुद्धा स्टुलावर, म्हणजे वाकून तांब्या भरायला नको. आणि दार. बहुतेक न्हाणीघरांची दारं आत उघडतात. आत माणूस पडलं तर त्याच्याच अंगानं दार अडतं आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. सुतारानं बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असं केलं, आतली कडी काढली. ‘लाज वाटते,’ आत्या म्हणाली. मग बाहेर खिळ्याला लाल रुमाल अडकवायचं ठरलं. रुमाल असला की आत कोणी आहे.

शेवटी मी तिला पडल्यावर उठायचं कसं ते शिकवलं. मी ते पुण्याच्या त्या खोलीत शिकले होते. लगेच उठायचं नाही. आधी हात-पाय हलवून बघायचे. कळ येत असेल तर तिथेच राहून हाक मारायची, पांघरायला ओढता येईल ते ओढून घ्यायचं. कळ नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हातावर, मग रांगतं व्हायचं. जवळच्या जड लाकडी खुर्चीपर्यंत रांगत जायचं (प्लास्टिकची नको, ती सरकते). दोन्ही हात खुर्चीवर टेकायचे, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवायचं, रेटा देऊन वर यायचं आणि वळून बसायचं. गादीवर आम्ही चार वेळा केलं. पहिल्यांदा तिला हसू फुटलं, एकोणऐंशीव्या वर्षी रांगायला लागले म्हणून. चौथ्यांदा तिनं ते माझ्या आधाराशिवाय केलं आणि खुर्चीत बसून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या दिवशी पाऊण तास मला एवढंच हवं होतं.’

तासाहून अधिक वेळ जमिनीवर पडून राहिलं तर नुसत्या पडून राहण्यानंच शरीराचं नुकसान होतं. म्हणून मोबाइल आता तिच्या गळ्यात कापडी पिशवीत असतो, घराची एक किल्ली समोरच्या काकूंकडे असते आणि सकाळी दूधवाला पिशवी लटकवतो ती नऊपर्यंत आत गेली नाही, तर काकू बेल वाजवतात.

काठी आणि वॉकर लोक दुकानातून आणतात आणि तसेच हातात देतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. हात सरळ सोडल्यावर मनगटाची रेघ जिथे येते तेवढी तिची उंची हवी. खालचं रबरी बूच झिजलं की बदलायचं. पासष्टीपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये खात्यात मिळतात. २०२४पासूनची ही योजना चांगली आहे. पण साधन देताना ते वापरायला शिकवणारं माणूसही जोडून द्यायला हवं. माळ्यावर धूळ खात पडलेले वॉकर मी तीन घरांत पाहिले. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही ठाऊक असावी. एकट्या माणसाच्या भिंतीवर तो आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा.

*

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी साफसफाई चालू होईल. आजोबा स्टुलावर चढून आकाशकंदिलाची वायर ओढतील. आजी माळ्यावरची पितळी परात काढायला खुर्चीवर उभी राहील, कारण ‘ती मलाच ठाऊक आहे कुठे आहे ते’. ती ठाऊक असू दे. तिनं खालून सांगावं आणि दुसऱ्यानं चढावं.

आणि नरकचतुर्दशीची पहाट. अंधार, अंगभर तेल, पायांच्या तळव्यांनाही तेल, उटण्यानं बुळबुळीत झालेली फरशी, कडकडीत पाणी, रिकामं पोट, वाफेनं भरलेलं न्हाणीघर. पडायला लागणारी सगळी कारणं आपण त्या एका आंघोळीत आणतो. वर कारीट फोडायला एका पायावर उभं राहायचं.

गेल्या दिवाळीला मी आत्याकडे होते. तिनं तेल लावून घेतलं, पाठीला, हातांना, डोक्याला. तळवे मी कोरड्या पंचानं पुसले. सुनेनं आधी फरशी घासून कोरडी केली, दिवा लावला, रुमाल खिळ्याला अडकवला. आत्या स्टुलावर बसली, पणतीनं ओवाळून घेतलं, आंघोळ झाली. कारिटाची वेळ आली तेव्हा सून म्हणाली, ‘आई, यंदा बसूनच फोडा.’

‘उभीच राहते,’ आत्या म्हणाली. उजव्या हातानं तिनं भिंतीतलं हँडल पकडलं. डावा पाय कारिटावर ठेवला, उचलला, पुन्हा नीट ठेवला आणि दाबला. कडू वास सुटला. ती हँडल न सोडता दोन क्षण तशीच उभी राहिली, मग पाय खाली टेकला.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. ‘पडले नाही हं,’ तिनं आधीच सांगितलं, ‘पण काल गच्चीच्या पायरीवर तोल गेला होता. कठड्याला धरलं. मुलाला सांगितलंय. तो म्हणाला, कशामुळे गेला, ते बघू. तर आता उद्या डॉक्टरकडे जायचंय, पिशवी घेऊन.’